आसारामांचं स्वित्झर्लंड

लिंबागणेशच्या पलीकडं आमच्या गावात दूध सोसायटी होती आणि आसाराम तिचे सचिव. साखर कारखान्याच्या दिवाळी अंकात दरवर्षी त्यांचं प्रवासवर्णन यायचं. कधी काश्मीर, कधी जपान. हे गेलते कधी, असं कुणी विचारत नसे. उन्हाळ्यात दूध आटलं की सोसायटीला कुलूप लागायचं, तेव्हा गेले असतील असं गाव धरून चालायचं. खरं तर तेव्हा ते आष्टीला मेव्हण्याकडं असत. त्यापुढं त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं.

एका दुष्काळाच्या साली त्यांनी स्वित्झर्लंड लिहिलं. तळ्याकाठी बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, असंही त्यात होतं. त्यांची बायको वत्सलाबाई म्हणाल्या, "तळं असताना टँकर कशाला?"

"मग टँकर भरायचा कुठं?"

त्यांना ते पटलं. गावालाही टँकर पटला. पटलं नाही ते एवढंच, की तिथं गवत गाईच्या पोटापर्यंत वाढतं. चारा छावणीत बसून लोक म्हणाले, आसाराम लिहितो झकास, पण इथं जरा जास्तच फेकली.

पुढं चैतात कारखान्याचे चेअरमन अर्जुनराव संचालकांना घेऊन अभ्यासदौऱ्यावर खरोखरच स्वित्झर्लंडला निघाले. वाटेत उपयोगी पडेल म्हणून तो अंक त्यांनी बॅगेत टाकला. आता आपलं बिंग फुटणार, अशी भीती आसारामांना पडली. सोसायटीतली नोकरी गेली असती तर त्यांनी सोसलं असतं, पण आता लेख बंद होणार होता.

अर्जुनराव परतले आणि त्यांची जीप थेट आसारामांच्या दारात थांबली.

"दादा, त्या टँकरचं..." आसाराम हात जोडून म्हणाले.

"टँकर राहू दे. सोमवारी माझा सत्कार हाय. तासभर बोलायचंय. लिहून दे."

"पर तुमी तर समदं पाहून आलाव."

ड्रायव्हर ऐकत नाही ना, हे अर्जुनरावांनी वळून बघितलं. मग हळूच सांगितलं, की बसमध्ये गार वारं लागलं की आपल्यासकट सगळे संचालक घोरायला लागायचे, ते जेवणालाच उठायचे. एकदा डोंगर दाखवायला वर नेलं, तर नुसतं धुकं.

आसारामांची भीती उडाली आणि तिच्या जागी हाव आली. "बर्फ तरी हातात घेतला आसंल की. कसा लागतो?"

"गार."

आसाराम पेन उघडून थांबले. "अजून?"

"लई गार."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि तिथंच बसून बर्फावर दीड पान लिहिलं. वाचून दाखवलं, तेव्हा अर्जुनरावांनी त्या उकाड्यात उपरणं कानावरून गुंडाळून घेतलं.

"आस्संच होतं बघ," ते म्हणाले.