बेबाबाईंच्या टमाट्यांचं बी

वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर प्रेमराज पाटलांनी अंगणात भाजीपाला लावायला घेतला. शिकवलं शेजारच्या बेबाबाईंनी. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच राहत. त्यांच्या परसात आईकडून आलेले टमाटे होत. चपटे, चुण्या पडलेले, चांगले आंबट. दरवर्षी सगळ्यात छान पिकलेलं फळ त्या बियांसाठी राखत आणि बी राखेत घोळून वाळवत.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे, नवलकडे, सुरतेला जाताना त्यांनी बियांची डबी प्रेमराजांच्या हाती दिली. प्रेमराजांनी ती मोरीवरच्या फळीवर ठेवली आणि विसरले. पावसाळ्यात उघडली तर आत बुरशीचा गोळा. भिजवून पाहिलं, एकही बी उगवलं नाही.

सांगायची लाज वाटली. त्यांनी दुकानातून पाकीट आणलं, बियांवरचा औषधाचा गुलाबी रंग धुतला, राख चोळली आणि डबी भरून ठेवली.

बेबाबाई परतल्या. डबी परत घेऊन त्यांनी हौसेने रोपं केली. हिवाळ्यात फळं आली ती लांबट, टणक, गुळगुळीत.

"मीच दुसरं बी धरं व्हई, भाऊ," त्या ओशाळून म्हणाल्या. "आते बठ्ठं इसरी जास मी."

प्रेमराज नुसतं "हं" म्हणाले.

आपण सगळंच विसरतो या धास्तीने तेव्हापासून बेबाबाई गॅस तीन-तीनदा तपासू लागल्या. डोकं चालत नाही, असं त्यांनीच नवलला फोनवर सांगितलं. तो आईला कायमचं न्यायला आला. शेजारी बॅगा भरल्या जात होत्या आणि प्रेमराज जेवत होते. ते ताटावरून उठले, बेबाबाईंच्या दारात उभे राहिले आणि नवलसमोर सगळं सांगून टाकलं.

बेबाबाईंनी भरत असलेली बॅग बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मी सोताले येडी समजनू, अन् तू देखत बसना?"



नवल एकटाच परत गेला. बेबाबाईंनी प्रेमराजांशी बोलणं टाकलं.

बेबाबाईंच्या भाचीकडे, रत्नाकडे, कधीतरी हे बी गेलं होतं, एवढं प्रेमराजांना ठाऊक होतं. ते बोदवडला गेले. रत्नाने कपाटातून जुनी पुडी शोधून दिली. ती त्यांनी न उघडता बेबाबाईंना आणून दिली. तीन रोपं जगली.

यंदा फळं आली. बेबाबाईंनी वाटीभर भाजी पाठवली. पुन्हा "भाऊ" म्हणून हाकही मारतात. बी मात्र त्यांनी रत्नाला दिलं, नवलला दिलं. प्रेमराजांना विचारलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही.