अर्जातली ती एक ओळ

दादा पकडला गेला तो श्रावणात. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता, लालबागच्या नाक्यावर पोलिसांवर दगड पडले, आणि हा मिलमधून सुटून तिथेच उभा. त्याने मारला की नाही, मी कधी विचारलं नाही. चाळीतली बाकीची पोरं दोन दिवसांत जामिनावर सुटली. याच्यावरचं कलम जड, जामीन द्यायचा की नाही ते कोर्टाच्या हातात.

वकील चळवळीतले, फुकट लढणारे. त्यांनी घरची हकिगत लिहून मागितली. आमच्यात लिहिणारी मी एकटी. शाळा कुठली हो, पुड्यांचे कागद वाचून शिकलेली. लिहिलं, वडील नाहीत, दादा आठ वर्षं एकाच मिलमध्ये, एकाच खोलीत. आई शेजारी बसून म्हणाली, "लिही गो, गणपतीक घरात दुसरो पुरुस नाय." आमचा पाट नागपंचमीलाच गावच्या मूर्तिकाराकडे गेलेला, त्यावर मूर्ती घडत होती. भावकीशी बोलणं बंद. दादा नाही गेला तर गणपती घरी आणणार कोण? मला वाटलं, मॅजिस्ट्रेट झाला तरी देवाला मानत असेलच. तर मी ठळक अक्षरांत लिहिलं, चतुर्थीला त्याला कोकणात जाणं भागच आहे. वकिलांपुढे त्या दिवशी माणसांची रीघ. त्यांनी ते जसंच्या तसं इंग्रजी करून अर्जात घातलं.

कोर्टात सगळं बरं चाललं होतं. कायम नोकरी, पक्का पत्ता, चाळीतला दुकानदार जामीन राहायला तयार. मॅजिस्ट्रेटनी एवढंच विचारलं, की हा तारखेला हजर राहील ना. तेव्हा सरकारी वकील उठले आणि माझी ओळ वाचली. इंग्रजीत वाचली, तरी त्यातलं कोकण मला कळलं. बाकीचं मागाहून वकिलांनी सांगितलं: तपास अर्धवट, आणि आरोपी मुंबई सोडणार हे त्याचाच अर्ज सांगतोय. आमचे वकील म्हणाले, पाच दिवसांत परत येईल. पण अर्ज नामंजूर झाला.

दादा पिंजऱ्यातून माझ्याकडे बघून हसला. मी घाबरू नये म्हणून.

तो सुटला दसऱ्यानंतर. गावी गेला तर मूर्तिकाराच्या फळीवर आमची मूर्ती तशीच, रंगवलेली, पण डोळे न काढलेली. न्यायला कोणी येणार नाही म्हटल्यावर त्याने डोळे आखलेच नव्हते. दादाने तिचं तसंच विसर्जन केलं.

पुढे जन्मभर चतुर्थी जवळ आली की तो म्हणायचा, "गणपतीचं लिहायला त्या वकिलाला सांगितलं होतं कोणी?"

आई खोबरं खवताना थांबायची. माझ्याकडे मात्र बघायची नाही. मी खाली मान घालून मोदक वळत राहायचे.