उस्मानभाई दारूने गेले नाहीत

उस्मानभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होतो. आमच्या गल्लीतले शिंपी. शिलाई मशीनवर बसल्या बसल्याच गेले, हृदयविकाराच्या झटक्याने. पोरांना धडा वाचायला सांगितला आणि खिडकीशी उभा राहिलो. त्या दिवशी कबरस्तानातून परतताना चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "शेवटी दारूनंच नेलं त्याले." आणि खरं काय ते ज्याला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, तो मी चहा पीत गप्प बसलो. ती लाज दीड महिना पोटात घेऊन फिरतो आहे, म्हणून आज लिहितो. उस्मानभाई अकरा वर्षं थेंबालाही शिवले नव्हते. त्यातली नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलो आहे. होय, मीही दारुडाच, अमरावतीतल्या एका शाळेतला मराठीचा मास्तर.

नऊ वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात निवेदन करता करता मी स्टेजवरून खाली आलो, पायऱ्या न वापरता. मुख्याध्यापकांनी शेवटची ताकीद दिली. बायको सुनीता लेकीला घेऊन मूर्तिजापूरला माहेरी निघून गेली. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे दारू सोडणाऱ्यांच्या सभांचे दोन पत्ते लिहून दिले. एक अमरावतीचा, माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. दुसरा अकोल्याचा. मी अकोला निवडलं. कारण काय, तर इथे कुणी ओळखीचं भेटलं तर? गावभर झिंगत फिरताना जी अब्रू कधी आठवली नव्हती, ती दारू सोडायला निघालो तेव्हा बरोबर आडवी आली. रविवारी सकाळची एसटी धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा उतरावंसं फार वाटलं. एका हाताला सासर, दुसऱ्या हाताला गुत्ता... दोन्हीकडे जायची हिंमत झाली नाही, म्हणून बसून राहिलो.

सभा एका धर्मशाळेच्या मागच्या खोलीत होती. आत पाऊल टाकलं तर समोर किटली घेऊन उभे कोण? उस्मानभाई! माझ्या घरापासून चौथं दुकान त्यांचं. माझा लग्नातला कोट त्यांनीच शिवलेला. मी तिथूनच मागे फिरलो.

"मास्तर, पयून काहून राहिले?" त्यांनी हाक मारली. "मी बी तोंड लपवालेच येतो अथी. गल्लीत सांगतो, अकोल्याले कापड आणाले चाललो. दोन वर्सं झाले, एक थान नाई आणलं!"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी, न पिता आलेलं हसू. त्यांनी चहा दिला, तर कप अर्धाच. इथेही कंजुषी, असं मनात आलं. मग माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. ते असे थरथरत होते की भरलेला कप सगळा शर्टावर आला असता. तिथे नव्या माणसाला चहा अर्धाच देतात आणि त्याचं कारण कुणी बोलून दाखवत नाही. माझी पाळी आली. वर्गात पाऊण तास अखंड बोलणारा मी, नाव सांगून अडलो. बायको कशी निघून गेली ते सांगायला लागलो, तर उस्मानभाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. "वहिनीचं राहू द्या मास्तर. तुमचं सांगा." मग ते तीन शब्द बाहेर पडले, "मी दारुडा आहे." कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. मागून एकजण फक्त म्हणाला, "बरं झालं आले."

परतताना आम्ही एकाच बाकावर बसलो. उस्मानभाई म्हणाले, "तुमच्यात पेल्यावर लोक हासतात. आमच्यात हासतात बी अन् दोजखची आग बी दाखवतात. अल्लाची माफी मी रोज मांगतो, ते मी अन् तो पाहून घिऊ. पन या लोकायची माफी काहून मांगू? याईचं काय पेलो होतो मी?" हा माणूस असा होता. शिवणीत वाकडा टाका खपवून घेत नसे आणि बोलण्यात कुणाचा टोमणा.

वर्षभराने सुनीता परत आली. उस्मानभाईंच्या डोक्यात मात्र एकच होतं, आपल्या गल्लीत, आपल्या दुकानात सभा घ्यायची. मी दर वेळी मोडता घातला. शाळेतली पोरं बघतील, पालक बघतील... "लाज दारूची धरा मास्तर, सोडल्याची काहून धरता?" असं म्हणत, पण माझ्यावाचून त्यांनी ती सुरू केली नाही. म्हणत, दोघं असलो तरच सभा. माझ्या भित्रेपणामुळे त्यांची ही इच्छा राहून गेली, हे मला आता कुणापाशीही कबूल करता येतं.

उस्मानभाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्यांच्या पत्नीकडे, जुबेदाभाभींकडे गेलो आणि दोन परवानग्या मागितल्या, हे लिहिण्याची आणि रविवारी दुकान वापरण्याची. मुलगा कचरला. "अब्बाची बदनामी होईन, चाचा." भाभी उठल्या. आत गेल्या आणि दुकानाची किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली.

परवाच्या रविवारी मी दुकान उघडलं. मशीनवर कापड झाकलेलं होतं, खिळ्याला मोजपट्टी लटकत होती, खडूचे तुकडे डब्यात तसेच. सात खुर्च्या मांडल्या. दारू सोडलेली, सोडू पाहणारी माणसं येऊन बसली आणि तोंड लपवायच्या सवयीने माझा हात वर गेला. मी शटर अर्धं खाली ओढलं. तेवढ्यात घरातून भाभी चहा घेऊन आल्या.

"शटर काहून पाडलं, मास्तर?"

"रस्ता आहे भाभी... लोक बघतात."

"ते पिऊन नालीत पडत तवा सारी गल्ली पाहत होती. तवा कोनी शटर पाडलं नाई. सोडली तवा कोनी पाहालेच आलं नाई. आता पाहू द्या ना!"

मी शटर वरपर्यंत ढकललं. समोरच्या टपरीवर चार-पाच जण खरोखरच बघत होते. मग खुर्च्यांकडे पाठ केली, रस्त्याकडे तोंड केलं आणि वर्गात लावतो तो आवाज लावला. "मी प्रकाश. मी दारुडा आहे. नऊ वर्षं झाली, प्यायलेलो नाही. आणि हे दुकान उस्मानभाईंचं आहे. ते अकरा वर्षं न पिता गेले."