पुष्पलताचा रुंद जिना

तारापूरजवळच्या मच्छीमार वस्तीत पुष्पलताशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. नवरा एकनाथ तर लग्नाच्या वर्षीच शहाणा झाला. राहिला मुलगा मेहुल. बोईसरच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून त्याला वाटायला लागलं होतं, की आपण एकदा तरी जिंकू.

नव्या घराच्या खोल्या, फरशी, रंग यात पुष्पलताने नाक खुपसलं नाही. तिला फक्त गच्ची हवी होती. जन्मभर तिने किनाऱ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवला. वाळू निवडून बोटं झिजली, कुत्री हाकलून घसा बसला. आता जवळा गच्चीवर सुकणार आणि बाजारात आपल्या मालाला कोणी नावं ठेवणार नाही, हे तिने पक्कं धरलं होतं.

तेवढ्यात मेहुलने मोबाइलवर जिना दाखवला. घराच्या आतून जाणारा, लोखंडी, गोल. मधे एक खांब आणि त्याभोवती निमुळत्या पायऱ्या.

"आई, जागा वाचते. आणि दिसतो कसला!"

"यावरून पाटी घेऊन कोन चढंल? तुजा बाप?"

भिका मिस्त्री तंबाखू मळता मळता हसला. "मावशी, मंग कसा पायजे?"

पुष्पलताने पदर खोचला, रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि अंगणात चालून दाखवलं. डोक्यावर ओझं असलं की खाली बघता येत नाही, पायाला पायरी आपली आपण सापडली पाहिजे.

"बाहेरून. सरळ. पायऱ्या बुटक्या. आनि एवढा रुंद, का एक बाय पाटी घेऊन चढंल नि दुसरी उतरंल, तरी धक्का लागाया नाय पायजे."

मेहुलला संधी सापडली. "दुसरी कोण, आई? तुझ्यामागे या घरात मासळी सुकवणार कोण?"

हे मात्र तिला झोंबलं. सून हिना पालघरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. पाटीला हात लाव, असं पुष्पलताने तिला कधी म्हटलं नव्हतं, आणि आपल्याबरोबर हा धंदा संपणार या विचाराने तिची झोप कितीदा उडाली होती. पण म्हणून मागे हटेल ती पुष्पलता कसली!

"दुसरी नसंल तं मीच चढन नि मीच उतरन. जिना रुंदच व्हनार."

झाला. रस्त्यावरून पाहिलं तर आधी जिना दिसतो, मग घर. शेजारणी म्हणाल्या, शाळेचा जिना बांधलाय जणू. पुष्पलताने ते कौतुक म्हणूनच घेतलं.

घरात राहायला आल्यावर पहिला जवळा आला तो नेमका हिनाच्या सुट्टीच्या दिवशी. एक पाटी गच्चीवर पसरून पुष्पलता रिकामी उतरत होती, ती मधेच थबकली. खालून हिना चढत होती. ओढणी कंबरेला घट्ट, डोक्यावर भरली पाटी, दोन्ही हातांनी धरलेली, मान ताठ. पाटी तिच्या डोक्यावर चढवून देणारा मेहुल खाली मान घालून पुढची पाटी भरत होता.

"आई, बाजूला व्हा हां! मला खाली दिसत नाही."

पुष्पलताचे डोळे भरून आले, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला.

"बाजूला कशाला व्हऊ? ये तशीच. दोघींचा हाय जिना."