पावणेचोवीस घनमीटर

‘पावणेचोवीस’ हा आकडा कुठे कानावर पडला की ती घटना मला आजही आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. सातवीच्या गणिताच्या पेपरातला हा एक आकडा मात्र जसाच्या तसा राहिला आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या आणि छापील कागद जुन्या जिल्ह्याचे. त्यांवरचं ‘उस्मानाबाद’ पेनाने खोडून आम्ही वर ‘लातूर’ लिहायचो. मी चाकूरच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. सकाळची हजेरी झाली की निम्मे शिपाई टँकरच्या बंदोबस्ताला जायचे, कारण त्या वर्षी आमच्या हद्दीत डोकी फुटायची ती घागरींच्या रांगेत. चोऱ्यासुद्धा कमी झाल्या होत्या. चोरायला होतंच काय?

अशा वर्षी चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा आली. सगळ्या राज्यात एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर होणारी ही परीक्षा. तिचे सीलबंद गठ्ठे आदल्या संध्याकाळी आमच्या मुद्देमालाच्या खोलीत आले, हातभट्टीच्या जप्त डब्यांशेजारी त्यांनी मुक्काम केला आणि सकाळी केंद्रावर गेले. सील शाबूत होतं. ते मी स्वतः पाहून सही केली होती, म्हणून मी निर्धास्त होतो.

काही आठवड्यांनी शिक्षण खात्याचे एक विस्तार अधिकारी फिर्याद घेऊन ठाण्यात आले. सफारी कडक इस्त्रीची, बोलणंही तसंच. त्यांनी सांगितलं ते असं. गणिताच्या पेपरात प्रश्न होता : सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा खणला, तर किती घनमीटर माती निघेल? उत्तर चोवीस. केंद्रावर आसपासच्या बऱ्याच गावांची मुलं बसली होती. बाकीच्या गावांच्या मुलांनी कुणी चोवीस लिहिलं, कुणी मनाला येईल ते लिहिलं. पण एका गावच्या आठ मुलांपैकी सात जणांनी एकच उत्तर लिहिलं होतं, पावणेचोवीस.

“बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येऊ शकतं, साहेब,” ते म्हणाले. “चूक सारखी येत नाही. कुणीतरी सांगितल्याशिवाय येत नाही.”

मला ते पटलं. आमच्या धंद्यातही हाच नियम आहे. चार साक्षीदार एकाच जागी, एकाच शब्दात चुकले की समजायचं, पढवलेले आहेत.

वर त्याच आठवड्यात एक खबरही आली. खबर देणाऱ्याचं नाव मी तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. त्या मुलांचे गुरुजी परीक्षेच्या दिवशी केंद्रावर हजर होते आणि गणिताचा पेपर चालू असताना मुलांच्या बाकांमधून फिरत होते, असं तो म्हणाला. स्वतःच्या शाळेच्या मुलांजवळ त्या दिवशी शिक्षकाने फिरकायचं नाही, असा कडक नियम होता. आता चूकही सारखी होती आणि माणूसही जागेवर होता. मी गुन्हा नोंदवून घेतला. शाबीत झाला असता तर गुरुजींची नोकरी गेली असती आणि आठही मुलांचे निकाल रद्द झाले असते.

गुरुजींना बोलावलं. मूळचे देगलूरकडचे, तिशीतले, अंगाने किरकोळ. खुर्ची दिली तर कडेला टेकले.

“केंद्रावर गेला होतात?”

“गेलो होतो, साहेब. तिथला हौद कोरडा होता. पोरं सकाळपासून तहानलेली. मी गावातून सायकलला दोन घागरी बांधून नेल्या. पर्यवेक्षकांना विचारून पाणी पाजलं. तोंडातून शब्द काढला नाही.”

“मग पावणेचोवीस कुठून आलं?”

त्यांनी बोटांवर हिशेब केला. सहा चोक चोवीस. पुन्हा केला. मग माझ्याकडे असे बघत राहिले, जणू उत्तर मीच देणार होतो.

“मी असं शिकवलंच नाही, साहेब. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. माझ्या पोरांना झोपेतून उठवून विचारा.”

खोटं बोलणारे मी पुष्कळ हाताळलेत. त्यांच्याकडे एक गोष्ट हमखास तयार असते, ती म्हणजे खुलासा. या माणसाकडे खुलासाच नव्हता. मला ते खटकलं, पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे.

मग मी साध्या कपड्यांत त्या गावी गेलो. शाळेच्या ओसरीवर पोरांना एकेकाला बसवून विचारलं.

“पाव कमी कामून लिहिलं रे? कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई, सायब. तसंच असतंय.”

दुसऱ्याला विचारलं. “तसंच असतंय.” तिसरीला विचारलं. तिने फ्रॉकचं टोक चावत तेच सांगितलं. माझ्याबरोबरचे हवालदार चांगले मुरलेले होते. ते बाहेर येऊन विडी पेटवत म्हणाले, “साहेब, पाठ करून घेतलंय पोरांकडून. इतकं पक्कं तर आपले पंचसुद्धा बोलत न्हाईत.”

राहिली आठांतली शेवटची, एक मुलगी. तिने एकटीने चोवीस लिहिलं होतं. बाकी पेपरही तिचा चोख होता. विस्तार अधिकाऱ्यांच्या मते हीच आमची साक्षीदार. सगळ्यांना सांगितलेलं उत्तर जिने घेतलं नाही, ती सांगणाऱ्याचं नाव सांगेल, असा त्यांचा हिशेब. म्हणून तिच्या जबाबाला ते स्वतः माझ्याबरोबर आले.

तिचे वडील तिच्याशेजारी बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर धुवट सदरा. गावात शाळा सातवीपर्यंतच. शिष्यवृत्ती मिळाली तर पोरीला लातूरला वसतिगृहात ठेवीन, नाहीतर आईबरोबर कामावर पाठवीन, असं त्यांनी सगळ्या गावासमोर सांगून ठेवलेलं. त्या परीक्षेवर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं आणि हे तिलाही चांगलं माहीत होतं.

विस्तार अधिकारी तिच्याकडे वाकून गोड आवाजात म्हणाले, “बाळ, तू घाबरू नको. गुरुजींनी पाणी देताना काय सांगितलं, एवढंच बोल. तू खरं बोललीस तर तुझा एकटीचा निकाल आम्ही राखून ठेवू. तू लातूरला जाशील.”

तिने बापाकडे पाहिलं. बापाने मान खाली घातली. त्या माणसाने तिला बोल म्हटलं नाही आणि गप्प बसही म्हटलं नाही. इतकी वर्षं झाली, त्या मान खाली घालण्याबद्दल त्यांना काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“पानी दिलं,” ती म्हणाली. “मी बी प्याले.”

“आणि काय बोलले?”

“काहीच न्हाई बोलले.”

“मग बाकीच्यांनी सारखं कसं लिहिलं?”

“त्यांचं बी बरोबरच हाय.”

विस्तार अधिकारी वैतागून उभे राहिले. “दोन्ही कसं बरोबर असेल गं? एवढी हुशार म्हणवतेस!” मुलीचे डोळे भरून आले, पण तिने शब्द बदलला नाही. मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला आणि आपल्या हातातल्या गुन्ह्याची लाजही वाटली. वरच्या साहेबांचा मात्र रोज निरोप येत होता, मुलीचा जबाब नोंदवा आणि कागद पुढे पाठवा.

इतर पालकांचे जबाब राहिले होते. शनिवारी पुन्हा गावात गेलो तर गावात चिटपाखरू नाही. एक म्हातारी दारात शेंगा निवडत होती. तिने हात वर करून दाखवलं, “समदे तळ्यावर हायत. आज मापणी हाय.”

गावाबाहेर तळं खोल करण्याचं रोजगार हमीचं काम चालू होतं. शिवारातली लहानमोठी सगळी घरं त्या वर्षी त्या एका खड्ड्यात उतरली होती. ज्यांच्या दारात कधी गडी असायचे, तेही. प्रत्येक टोळीला आखून दिलेला चौकोन खणायचा, आठवड्याला मुकादमाने टेप लावून तो मोजायचा आणि मापात भरेल तेवढ्याच मातीची मजुरी द्यायची, अशी तिथली रीत. मी काठावर उभा राहिलो. खाली मुकादम एका हातात टेप धरून होता आणि टेपचं दुसरं टोक धरायला पोरं होती. माझीच पोरं. ज्यांचे जबाब मी ओसरीवर घेतले होते तीच.

मुकादम ओरडला, “लांबी पाच! रुंदी चार! खोली एक! किती रे?”

“वीस!” पोरं एका सुरात ओरडली.

“पाव वजा!”

“पावणेवीस!”

मी तसाच उतार उतरून खाली गेलो. हवालदार मागून “साहेब, सावकाश” म्हणत होते.

प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता उभा ठेवलेला होता. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, खड्ड्याच्या खोलीइतका उंच. त्याच्या माथ्यावर अजून वाळलेलं गवत होतं. जमीन मुळात कुठवर होती ते मापताना कळावं, म्हणून तो ठेवायचा. आणि तो खणलेला नसतो, म्हणून मापातून त्याचा पाव घनमीटर वजा करायचा. वर्षभर दर शनिवारी ही पोरं ते ऐकत होती. पाव वजा न केलेला खड्डा त्यांनी पाहिलाच नव्हता. पेपरात एक मीटर खोल खड्डा दिसला आणि त्यांनी पाव वजा केला. गुरुजी बाहेरगावचे, शाळा सुटली की सायकलवर आपल्या खोलीवर. त्यांनी हे तळं आतून कधी पाहिलं नव्हतं.

मी एका पोराला विचारलं, “हेच का रे, तसंच असतंय म्हणजे?”

“हाव, सायब.” त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

ती मुलगीही तिथेच होती, आईच्या खड्ड्याच्या काठावर. मी तिला विचारलं, “मग तू का वजा केलं नाहीस?”

तिने आईच्या खड्ड्याकडे बोट केलं. तिथलं माप होऊन गेलं होतं. मुकादम पुढे सरकला होता आणि तिची आई कुदळ घेऊन तो खुंट फोडत होती. तळ्याचा तळ सपाट करून द्यायचा असतो, तेव्हा खुंट नंतर काढावाच लागतो.

“माप झाल्यावर माय त्यो बी काढती,” मुलगी म्हणाली. “त्यो कुनी मोजत न्हाई. पर पेपरात मापाचं कुठं इचारलं हुतं? किती माती निघंल, असं इचारलं हुतं. माती तर चोवीसच निघती की, सायब.”

“गप गं,” आई कुदळ न थांबवता म्हणाली आणि मुकादमाकडे एकदा बघून घेतलं. मुकादमाने टेप गुंडाळला. मी काय बोलणार? मी परीक्षेच्या गुन्ह्याचा तपास करायला आलो होतो.

सोमवारी विस्तार अधिकाऱ्यांना मी त्याच जागी नेऊन उभं केलं. सफारीला माती लागली तरी त्यांनी झटकली नाही. नव्या खड्ड्यात ठेवलेला खुंट त्यांनी सगळीकडून फिरून पाहिला. मग म्हणाले, “आम्ही प्रश्न काढतो ते पुण्यात बसून, साहेब.” माणूस वाईट नव्हता. आईबरोबर तळ्यावर आलेल्या त्या मुलीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि ते जीपकडे गेले.

आमच्या खात्यात ‘क’ समरी नावाचा प्रकार असतो. गुन्हा खराही नाही आणि मुद्दाम रचलेला खोटाही नाही, गैरसमजातून नोंदला गेला, असा शेरा मारून कागद कोर्टात पाठवायचे. तसे ते पाठवले. गुरुजींवरचं किटाळ गेलं. मुलांचे निकाल मोकळे झाले. सात जणांना त्या प्रश्नाचा गुण मिळाला नाही, तो मिळणारही नव्हता. गुरुजी त्यांना म्हणाले, “पेपरात चुकलं, लेकरांनो. तळ्यात न्हाई चुकलं.” पुढच्या शनिवारी तळ्यावर टेपचं टोक धरायला ते स्वतः गेले, असं हवालदारांनी मला सांगितलं.

मुलीचा नंबर लागला.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. चार माणसं एकच सांगू लागली की ती पढवलेली असतील, हा संशय मी सोडला नाही. पोलिसाने सोडूही नये. पण त्याआधी ती चौघं रोज कुठे उभी असतात, ते मी जाऊन बघायला लागलो. त्यामुळे पुढे काही माणसं तुरुंगात जायची वाचली आणि एक-दोघे पक्के अडकले. आणि जो एकटा वेगळं बोलतो तो आपल्याच बाजूचा साक्षीदार, हे समजणं मी त्या दिवसापासून सोडून दिलं.

खुंटाबद्दलही मी वरच्या कचेरीला कळवलं होतं. नियमात नेमकं काय होतं ते मला ठाऊक नाही. उत्तर आलं नाही आणि पुढे माझी बदली झाली.

बदलीच्या आधी एकदा एस.टी. स्टँडवर बंदोबस्ताला होतो. ती मुलगी वडिलांबरोबर लातूरच्या गाडीची वाट बघत उभी होती. पत्र्याची नवी ट्रंक, केसांना चापूनचोपून तेल. वडिलांनी मला हात जोडले. मी तिला म्हटलं, “माय कुठाय? सोडायला नाही आली?”

“आज शनिवार हाय, सायब,” ती म्हणाली. “मापणी झाली आसंल. खुंट काढून राहिली आसंल.”

गाडी आली. वडिलांनी ट्रंक टपावर चढवली आणि ती खिडकीशी बसली. खुंटाची फिर्याद माझ्याकडे कधीच कुणी दिली नाही.