हातभर उंचीला पाच हात दोर

कुमुदबाई कुठलीही जड वस्तू उचलण्याआधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालत. देवळात त्या गेलेल्या मात्र मला आठवत नाहीत. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी संस्कृत. राहायला दोघंही फणसवाडीतल्या एकाच चाळीत. शाळेचं लोखंडी कपाट सरकवताना शिपायांचा दम निघाला, की बाई पहार आणि वीट घेऊन हजर. “जोर नंतर लावा,” म्हणायच्या. “आधी बघा, ते कुठून हलायला तयार आहे.”

आमच्या तिसऱ्या मजल्यावर काकी राहत. पडून कंबर मोडल्यापासून त्यांचे पाय गेले होते. हात आणि जीभ शाबूत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांना त्यांनी गॅलरीतूनच घोषणा दिल्या. आता एक मेला राज्य होणार होतं आणि त्या सकाळी काकींना चौकात, झेंड्याखाली बसायचं होतं. पूर्वी एकदा पोरांनी त्यांना खुर्चीतून खाली नेलं, तेव्हा जिन्याच्या वळणावर खुर्ची निसटली होती. तेव्हापासून त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

चाळ समितीचे अध्यक्ष नाना दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांनी सुचवलं की काकींना ताशाच्या गजरात खांद्यावरून न्यावं, म्हणजे आपल्या भाषणाला प्रास्ताविकही होईल.

“खांद्यावर एकदाच जाणार,” काकी म्हणाल्या. “त्याला अजून अवकाश आहे.”

कुमुदबाईंनी मान वर करून छपरातून चौकावर पुढे आलेल्या तुळईकडे पाहिलं. त्या तुळईला दोर बांधून आमच्या चाळीत कपाटं, पलंग चढत. जिन्यात काही मावत नसे. माणूस म्हणजे कपाट नव्हे, असं नानांनी बजावलं. बाईंनी ते मान्य केलं. कपाटाला स्वतः दोर ओढता येत नाही, एवढाच फरक त्यांना दिसत होता.

भाऊच्या धक्क्यावरून त्यांनी गलबताच्या कप्प्या आणल्या: दोन तुळईला, दोन झोपाळ्याच्या फळीला. दोर त्यांतून खालीवर फिरवला आणि टोक बसणाऱ्याच्या हाती दिलं. चार पदर कप्प्यांमधले, पाचवा हातातला; वजन पाचांत वाटलं गेलं, की हाताला पाचवा हिस्सा. आधी त्या स्वतः बसून वर गेल्या आणि आल्या. मग काकींना म्हणाल्या, “फुकट काही मिळत नाही हं, काकी. हातभर चढायला पाच हात दोर ओढावा लागेल.”

“मला कुठे घाई आहे?”

त्या सकाळी काकी कमरेला पट्टा बांधून, दोर सोडत सोडत, स्वतःच्या हाताने खाली आल्या. सैल टोक खांबाला वेढे देऊन मी धरलं होतं. गरज पडली नाही. नानांचं भाषण काकींनी झेंड्याखाली बसून पूर्ण ऐकलं. त्याला जास्त ताकद लागली असावी.

वर जाताना त्या दुसऱ्या मजल्याशी थांबल्या. चौकात ओढलेल्या दोराचा ढीग झाला होता. सगळे श्वास रोखून वर पाहत होते. नाना धावत गॅलरीत गेले.

“दमलात का, काकी?”

“छे. म्हटलं, शेजारी आलेच आहे तर चहा घ्यावा.”

नानांनी निमूटपणे बशी पुढे केली. काकींनी दोराला गाठ मारून चहा घेतला आणि उरलेला मजला चढल्या.

कुमुदबाई पुढे निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. निरोपाच्या दिवशी त्यांची ट्रंक जिन्यात मावेना. मी काही बोलायच्या आत तिसऱ्या मजल्यावरून काकींचा आवाज आला, “दोर सोडतेय गं कुमुद, बाजूला हो.”