पाळण्यातला परका दगड

१४ मे १९५९, गुरुवार. मी बारशाच्या घुगऱ्या परतत होते.

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. अंगात येणाऱ्या बायकांना मी पाण्याचा तांब्या ओतून उठवलेलं आहे. तरी हे लिहिते, कारण साक्षीला पाच बायका होत्या.

आमचं घर पनवेलला, तळ्याजवळ. बारसं माझ्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या मुलीचं. त्याच्या बायकोची, कुसुमची, आधीची दोन मुलं बाराव्या दिवसाच्या आत गेली होती. ही तिसरी बारा दिवस जगली होती.

वसंता राजस्थानात होता, तांब्याच्या शोधात जमिनीला भोकं पाडणाऱ्या यंत्रावर. क्वचित पाऊस, काटेरी झुडपं, झिजून बुटक्या झालेल्या टेकड्या... पत्रात दुसरं काही नसायचं. दिवाळीला त्याने तिथला दगड आणला. यंत्राने खोलातून उपसलेला, हातभर लांब, लाटण्यासारखा गोल, तांबूस पट्ट्यांचा.

"ताई, आपला सह्याद्रीचा काळा दगड याच्यापुढे कालचं पोर. हा झाला तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती."

"बरं झालं, आपला वरवंटा फुटलाय," मी म्हटलं. तेव्हापासून चटणी त्यानेच वाटत होते.

बारशाला आमच्याकडे आधी वरवंट्याला कुंची घालतात, पाळण्याच्या वरून-खालून देतात-घेतात आणि पाळण्यात ठेवतात. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मग पोर.

शेजारची सकूबाई आगरीण तो दगड पाहून थबकली. "ताई, परमुलखाचा दगड पोराच्या आदी नाय घालीत. माजा आनू का?"

"दगडाला कसला आलाय मुलूख? धर."

मी खालून दिला, तिने वरून घेतला.

"जड झाला गो! बाप बसलाय का काय आत?"

बायका खिदळल्या. दुसऱ्या फेरीला तिचे हात खाली आले. तिसऱ्या फेरीला दगड आम्ही कसाबसा पाळण्यात टाकला.

आणि माझ्या अंगावरचा घाम वाळला. एकदम! मे महिन्यात, पनवेलला! ओठ तडकले, जीभ टाळूला चिकटली, गरम कोरडी धूळ नाकात गेली. जमिनीखालून दणका बसला — घण मारल्यासारखा. मग दुसरा. तिसऱ्याला पाळणा उसळला आणि त्याचा कोपरा सकूबाईच्या जबड्यावर बसला. तिचे दात मी जमिनीवर पाहिले. आढ्याचा हूक तुटला, साखळी माझ्या मनगटावर आली, हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. पाळणा भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, कुणी धरून आपटावा तसा, पार चिरफळ्या होईपर्यंत. शेवटी दगड पडला तो फरशी फोडून वीतभर आत घुसला.

मग सगळं शांत.

कुसुम कोपऱ्यात पोरीवर ओणवी झाली होती. पोरगी झोपलेली.

"वन्सं," ती म्हणाली, "पुढे हिलाच ठेवायचं होतं ना त्यात?"



पलीकडच्या मास्तरांनी भूकंप ठरवला. पण त्यांच्या घरी फळीवरचं भांडंही हललं नव्हतं. वसंताला पत्र घातलं, तर त्या दिवशी तिकडे यंत्र बंद होतं आणि हा कपडे धूत बसला होता. सुताराने हूक पाहिला. "बाई, हा ओढून नाही तुटला. पिळून तुटलाय." दगड उपसायला कुणी तयार होईना, तेव्हा वर सिमेंट ओतून घेतलं. कारण अजून सापडलेलं नाही. मला भूत नकोय, कारण हवंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात गळ्यात बांधून सकूबाईकडे गेले.

"चूक माझी," म्हटलं. "तुझा वरवंटा दे."

तिच्या तोंडाला फडकं होतं. तिने काळा वरवंटा उचलला आणि मला न देता माझ्या पुढे चालू लागली.

साडीची झोळी बांधली. आधी दगड ठेवला. तिघी नुसत्या उभ्या राहिलो. कुसुम झोळीकडे बघतच नव्हती, माझ्या कपाळाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने घामाचा ओघळ माझ्या भुवईवर आला. तेव्हा कुठे तिने पोरीला झोळीत ठेवलं.

मी वाकून कानात नाव सांगितलं.